गावचा गणपती शहरात आणायचा का?

धाकटी_पाती | ५ सप्टेंबर २०२५, रात्री ११:४०

गणपती करून परवा गावाहून आलो, अंग अजून दुखतंय पण झोप काही लागेना, म्हणून लिहायला बसलोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

गाव राजापूर तालुक्यात, मी डोंबिवलीला. गावच्या घरात गणपती एकच, चार चुलत घरांचा मिळून, गौरीबरोबर जाणारा. खर्चाची पाळी दरवर्षी एका घराची, बाकीच्यांनी यायचं, राबायचं, जेवायचं. माझे बाबा ७९ चे. गिरणीत होते. ८२ च्या संपाच्या वर्षी घरात दाणा नव्हता, तरी कोणाकडून तरी उसने घेऊन एसटीने गावी गेले होते, हे आम्ही दर गणपतीला ऐकतो. त्यांचा खाडा एकच, २०२० चा. तेव्हा गावी जाऊन दहा दिवस क्वारंटाइन व्हायचं होतं आणि आईला बरं नव्हतं, त्यामुळे राहिलं.

यंदा २६ जूनला सकाळी ८ ला मी आणि बायको दोघं दोन मोबाइल घेऊन बसलो होतो, २५ ऑगस्टच्या तिकिटासाठी. ओटीपी येईपर्यंत वेटिंग एवढं गेलं होतं की ते बघून मुलगा हसला. मग गाडी काढली. सोमवारी रात्री ९ ला डोंबिवली सोडली आणि मंगळवारी दुपारी अडीचला घरी. पावणेचारशे किलोमीटरला साडेसतरा तास. एवढ्यात माणूस दुबईला जाऊन, जेवून, झोपून परत येईल.

पण सांगायचंय ते वेगळंच. माणगावच्या अलीकडे दीड तास गाडी हलली नाही. बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे, त्यांना थांबवत नाही. आजूबाजूला हॉटेल नाही, पंप नाही, नुसत्या गाड्याच गाड्या. शेवटी रस्त्याच्या कडेला पावसात त्यांना घेऊन उतरलो, मी छत्री आडवी धरून उभा, मागच्या गाडीचा हेडलाइट नेमका आमच्यावर, आणि तो बंद करायचं त्या माणसाला सुचेना. बाबा काहीच बोलले नाहीत. गाडीत येऊन बसले, टॉवेलने डोकं पुसलं आणि पाचेक मिनिटांनी म्हणाले, "पुढच्या वर्षी मी काही येत नाही रे."

गावी हा विषय कोणी काढला नाही. पण गौरी जेवली त्या रात्री ओटीवर बसलो असताना पुण्याच्या चुलत भावाने पिल्लू सोडलं की गणपतीच शहरात आणू, एक वर्ष पुणे, एक वर्ष डोंबिवली, एक वर्ष विरार, आळीपाळीने. सगळ्यात थोरले दादा ताटकन उठले. म्हणाले, मूळ घरातला दिवा तुम्ही विझवणार असाल तर मला आधीच सांगा, मी इथे येऊन राहतो. (ते बदलापूरला दुसऱ्या मजल्यावर राहतात, गुडघे गेलेत, येऊन राहणं कठीणच आहे.) बाबा आत होते, जागे होते की नाही माहीत नाही.

तुमच्यापैकी कोणी गावचा गणपती शहरात आणलाय का? आणल्यावर काय झालं? देवाने काय केलं ते नकोय, माणसांचं काय झालं ते सांगा.

घाटमार्गे | ६ सप्टेंबर, सकाळी ७:५५

आधी रस्त्याचं, म्हणजे मुंबई-गोवा हायवेचं बोलतो, कारण निम्मा प्रश्न तोच आहे. चतुर्थीच्या आदल्या दोन रात्री त्या रस्त्याला कोणी लागूच नये, हे मी दरवर्षी घसा कोरडा करून सांगतो आणि दरवर्षी सगळे लागतात. २०११ ला पळस्पे ते इंदापूर रुंदीकरण सुरू झालं, त्या साली जन्मलेलं पोर आता नववीत आहे. कशेडीचा बोगदा झाला हे मान्य, घाटातला वेळ वाचतो. पण वाचलेला वेळ माणगाव आणि इंदापूरच्या बाजारपेठेत भरून द्यावा लागतो, तिथले बायपास लटकलेत तोवर हे असंच.

राजापूरला जायचं तर पुण्यावरून कोल्हापूर, आणि मग आंबा घाटाने नाहीतर अणुस्कुऱ्याने उतरायचं. शंभरेक किलोमीटर जास्त पडतात, डिझेल जास्त, टोल जास्त, पण वाटेत हॉटेलं आहेत, स्वच्छतागृहं आहेत, वयस्कर माणूस बरोबर असेल तर दुसरा विचार करू नका. अणुस्कुरा मात्र पावसात रात्री नको, दरडी येतात.

विरार_फास्ट | ६ सप्टेंबर, सकाळी ९:१२

आणि ती कार घेऊन जाणारी रेल्वे? यंदा बातम्यांत किती गाजली.

घाटमार्गे | ६ सप्टेंबर, सकाळी ९:४०

गाजली खरी. कोलाड ते वेर्णा, एका गाडीमागे ७८७५ रुपये, वर माणसांचं तिकीट वेगळं, आणि एका गाडीबरोबर तीनच माणसं. आमच्या गाडीत सहा, शिवाय मखर. बरं, कोलाडपर्यंत तुम्हाला त्याच रस्त्याने स्वतः चालवत जायचंय, आणि वेर्णा म्हणजे गोवा, राजापूरच्या माणसाने तिथून उलटं यायचं! नंतर नांदगाव रोडला थांबा दिला, तो जरा बरा, पण राजापूरकराला तिथूनही उलटंच. कल्पना वाईट नाही, रत्नागिरीला एक उतार दिला तर मी पहिला चढेन.

रेल्वेला तरी किती शिव्या देणार. रोहा ते वीर दुहेरी झाली, पुढे सगळी एकेरी. त्या एका रुळावर नेहमीच्या गाड्या, मालगाड्या, वर गणपती स्पेशल. क्रॉसिंगला उभं राहायचं आणि समोरची गाडी गेली की लोकांनी टाळ्या वाजवायच्या. मी स्वतः वाजवल्यात.

किल्लीवाला | ६ सप्टेंबर, दुपारी १:०५

मी गावातच रवतंय, कणकवली तालुक्यात. तुमचा सगळा वाचलंय. मुंबैकार येतत, गाडये लावतत, फोटो काढतत आणि जातत. उरलेले तीनशे साठ दिवस घराची कौलां कोण बगता? माकडां कोण हाकता?

आता सगळ्यांना कळायला हवं म्हणून सरळ लिहितो. रागाने नाही लिहीत. माझ्या ओसरीवरच्या खुंटीला सात घरांच्या किल्ल्या आहेत. जूनच्या आधी कौलं परतायची, फुटलेली बदलायची, लाइटचं बिल भरायचं, गणपतीच्या आठ दिवस आधी विहीर उपसायची, अंगणातलं रान काढायचं. गडी मिळत नाही, मिळाला तर मजुरी ऐकून मुंबईचा माणूस फोनवर "एवढी?" म्हणतो.

२०२० ला तीन बंद घरांत मी गणपती बसवले. भटजी एकच, सकाळी सहाला सुरुवात केली, तिसऱ्या घरी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. एका घरात मी, भटजी आणि मोबाइल, मोबाइलमध्ये अकरा माणसं. आरती म्हणताना मला कसंतरीच झालं. देव समोर होता, घर झाडलेलं होतं, सगळं यथासांग, आणि घरात आवाज नाही.

तेव्हा तुम्हाला न्यायचा असेल तर खुशाल न्या, माझी ना नाही. पण एक लक्षात ठेवा, त्या घराला वर्षातून एकदा माणसं लागतात ती गणपतीमुळे. गणपती गेला की घर उघडायला कारण उरत नाही. बंद घराला दोन पावसात वाळवी लागते आणि तिसऱ्या पावसात वासा येतो खाली. मी पाहिलंय, एकदा नाही.

धाकटी_पाती | ६ सप्टेंबर, दुपारी २:३०

किल्लीवाले दादा, आमच्याकडेही असेच एक आबा आहेत, भावकीतलेच. २०२० ला आमचा त्यांनीच बसवला होता. यंदा निघताना मी त्यांच्या हातात पाकीट दिलं आणि त्यांनी ते न उघडता फळीवर ठेवलं. तुमचं वाचून आता वाटतंय की काय विचार केला असेल त्यांनी.

फोंड्याची | ६ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे चवथ म्हणजे मूळ घर, त्याला पर्यायच नाही. कोणी वास्कोला असो, मुंबईला असो, दीड दिवस का होईना तिथेच. वर माटोळी बांधायची, तिच्यात सुपारीचे घोस, तोरिंगं, चिबूड, रानातली फळं, प्रत्येकाने काहीतरी आणून टांगायचं.

पण एक सांगू का, "देव हलवायचा कसा" हा प्रश्न आम्हा गोंयकारांना विचारू नका! आमचे देव चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच हललेत. मंगेशी मूळ कुठ्ठाळीचा, १५६० मध्ये प्रियोळला आणला. शांतादुर्गा केळोशीची, ती कवळ्याला आली. पोर्तुगिजांच्या राज्यात देवळं पाडत होते तेव्हा लोकांनी रातोरात नदी ओलांडून मूर्ती नेल्या. मूर्ती पुजायचीच सोय नव्हती तिथे काही घरांनी कागदावरचा गणपती पुजला, काहींनी नुसती पत्री. आजही ती घरं तसंच पुजतात, आता मनाई नाही तरी.

म्हणजे देव हलतो. त्याला काही होत नाही.

थोरल्यांच्या_बाजूने | ६ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०२

फोंड्याच्या ताई, तुमच्या लोकांनी देव हलवला तो जीव वाचवायला. आम्ही हलवणार ट्रॅफिक वाचवायला. जरा फरक आहे.

फोंड्याची | ६ सप्टेंबर, संध्याकाळी ७:१५

आहे ना. ७९ वर्षांच्या माणसाला भर पावसात हायवेच्या कडेला उभं करावं लागतं त्याला तुम्ही नुसतं ट्रॅफिक म्हणत असाल, तर तोही फरकच आहे.

दीड_दिवसवाला | ६ सप्टेंबर, रात्री ८:३०

एवढं कशाला, दीड दिवसाचा करा. आम्ही २०१९ ला केला. यंदा बुधवारी आणला, गुरुवारी पोचवला, शनिवारी ऑफिस. रजा वाचली, भांडणं वाचली, पत्त्यांत हरायचे पैसे वाचले.

तव्यावरची | ६ सप्टेंबर, रात्री १०:५०

एवढ्या पोस्टी वाचल्या. रस्ता झाला, रेल्वे झाली, कौलं झाली, पोर्तुगीज झाले, चुलीबद्दल अजून एक अक्षर नाही. मी ठाण्याला नोकरी करते, सासर संगमेश्वरकडे. आमच्याकडे गणपतीत जेवायला ३६ माणसं, ही यंदाची मोजलेली, मध्येच टपकणारी सोडून.

मोदकाच्या दिवशी पहाटे पाचला चूल पेटते. नैवेद्याचे २१ आणि खाणाऱ्यांचे दोनशेच्या घरात. आम्ही सात जणी, दोघी नारळ खोवणार, एक उकड मळणार, तिघी वळणार, आणि एक चहा करत राहणार कारण पुरुषांची मिटींग चालू असते. दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, मग परसातलं अळू, माठ, भेंडी, सुरण, कणसं, सगळं निवडा, चिरा. अळू निवडून हाताला खाज. नंतर गौरी. म्हणून सुरुवातीला वाचलं तेव्हा मनात आलं, आणा बाबा शहरात, गॅस आहे, मिक्सर आहे, ऋषीच्या भाजीची कापलेली पाकिटं बाजारात मिळतात.

मग नीट विचार केला. शहरात आणला तर तो कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये येणार. आणि ज्या फ्लॅटमध्ये येणार तिथली सून एकटी असणार. बाकीच्या सहा जणी "अगं काही मदत लागली तर सांग" असं म्हणून संध्याकाळी पाचला नटून, पेढ्याचा बॉक्स घेऊन येणार. गावी आम्ही सात जणी राबतो, पण सात जणी असतो.

आणि रात्रीचं कोणी लिहिलंच नाही! भांडी घासून झाली, आरत्या झाल्या, पुरुष भजनाला गेले की आमच्या फुगड्या सुरू होतात. माझ्या सासूबाई वर्षभर हसत नाहीत, खरंच नाही. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. पण गौरीच्या रात्री पदर खोचून बसफुगडी घालतात आणि मला हाक मारतात ती "ए पोरी" म्हणून. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत रात्री अकराला सात बायका उड्या मारायला लागल्या तर खालचे वर येतील. माझं मत तुम्ही विचारलं नाहीत तरी देते, गावीच ठेवा. फक्त चहा आपला आपण करा.

मिसिसागाकर | ७ सप्टेंबर, पहाटे ४:१५

तव्यावरची, जबरदस्त लिहिलंत.

धागाकर्ते, मी आणलाय. शहरात नाही, एकदम कॅनडात. आमचा गाव गुहागरकडे, बारा वर्षांपूर्वी आई-वडिलांना इथे आणलं आणि गणपतीही इथे सुरू केला. गावचा काकांकडे चालू आहे, म्हणजे तुमच्यासारखा पूर्ण प्रश्न नव्हता. मूर्ती मीच करतो, माती आणून, पहिल्या वर्षी सोंड दोनदा पडली. विसर्जन बादलीत, ते पाणी मागच्या अंगणात.

तुम्ही माणसांचं विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या दोन्ही मुली "सुखकर्ता"पासून "घालीन लोटांगण"पर्यंत सगळं तोंडपाठ म्हणतात, उच्चार माझ्यापेक्षा बरे. पण काकांच्या नातवंडांची नावं त्यांना माझ्याकडे बघून सांगावी लागतात. गावची आरती आम्ही व्हिडिओ कॉलवर लावतो, तिकडचा आवाज दोन सेकंद मागे असतो, त्यामुळे आम्ही "जय देव" म्हणतो तेव्हा ते अजून आधीच्या ओळीवर. सुरुवातीला हसू यायचं. आता आम्ही म्यूट करतो.

विरार_फास्ट | ७ सप्टेंबर, सकाळी १०:३०

शास्त्रात काय आहे कोणी सांगेल का? म्हणजे हलवता येतो की नाही?

पोथी_आणि_चहा | ७ सप्टेंबर, सकाळी ११:२०

भाद्रपदातला गणपती पार्थिव असतो, म्हणजे मातीचा. मूर्ती दरवर्षी नवी, चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा आणि उत्तरपूजेला अक्षता टाकल्या की ते संपलं, मग ती माती पाण्यात. देवघरातल्या देवांसारखं त्याचं कायमचं स्थान नसतं, त्यामुळे शास्त्राची आडकाठी मला तरी दिसत नाही.

पण कोकणात शास्त्र कोणी विचारतं का? तिथे रीत विचारतात. आधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं, गुरवाकरवी कौल घ्यायचा, भावकीतल्या सगळ्यांनी हजर असायला हवं. आणि सगळी भावकी एका जागी जमते कधी? तर गणपतीत. म्हणजे गणपती गावाहून न्यायचा की नाही हे ठरवायलासुद्धा गणपतीला गावी जावं लागणार, हाहा.

बंद_दार | ७ सप्टेंबर, दुपारी ३:४५

थोडंच लिहिते. आम्ही दोघी बहिणी. बाबा गेले २०१७ ला. पुढच्या वर्षी काकांनी सांगितलं की तुमच्या घरात आता पूजेला बसणारं कोणी नाही, तर गणपती बंद करू. मी म्हटलं मी बसते. ते म्हणाले तू त्या घरची. सासरी विचारलं तर सासरचे म्हणाले आपला आहे ना इथे. शेवटच्या वर्षी आम्ही दोघींनी गणपती पोचवला आणि रिकामा पाट घरी आणला, दरवर्षी त्यावर थोडी माती आणायची रीत आहे आमच्याकडे, ती आणली, आणि मग कोणाला काहीच सुचेना. तो पाट आता माझ्याकडे आहे, कपाटामागे उभा.

तुम्ही चार भाऊ ओटीवर बसून ठरवत होतात तेव्हा बहिणींना कोणी विचारलं का? नसेल तर विचारा. रविवारी एक फोन करून.

तव्यावरची | ७ सप्टेंबर, दुपारी ४:०१

बंद_दार, तुमच्याकडे पुढच्या चतुर्थीला यायला आवडेल. खरंच. मोदक मी आणीन.

दीड_दिवसवाला | ७ सप्टेंबर, संध्याकाळी ५:१०

मगाशी गमतीत लिहिलं होतं. आमचाही दीड दिवसाचा झाला तो खरं तर आई गेल्यावर झाला. त्या सगळं धरून होत्या. असो.

एसटीचा_पास | ७ सप्टेंबर, रात्री ९:२५

वडिलांच्या बाबतीत एक सुचवू? ७५ च्या वर आहेत म्हणजे एसटी फुकट आहे त्यांना, २०२२ पासून. आईंना अर्धं तिकीट. फुकट आहे म्हणून नाही सांगत, पण आमच्या वाडीचं दरवर्षी ग्रुप बुकिंग असतं, अख्खी बस आमच्या चाळीच्या कोपऱ्यावरून निघते ती थेट वाडीच्या फाट्याला. ड्रायव्हरला सांगून कुठेही थांबवता येते, सगळे म्हातारे आपलेच, सगळ्यांना तोच त्रास, एक उतरला की दहा उतरतात. तुमच्या बाबांना जे झालं ना, ते आमच्या बसमध्ये झालं असतं तर अण्णा, तात्या, भाई सगळे रांगेत उभे राहिले असते आणि वर भजन म्हटलं असतं.

घाटमार्गे | ७ सप्टेंबर, रात्री ९:५०

+१. ही माझ्या अणुस्कुऱ्यापेक्षा बरी आयडिया आहे.

धाकटी_पाती | २८ सप्टेंबर, रात्री १०:१५

उशिरा येतोय, माफ करा. सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. तव्यावरचीची पोस्ट बायकोला वाचून दाखवली, तिने पूर्ण ऐकली आणि म्हणाली चहा कर. केला.

एसटीचं बाबांना सांगितलं. भजनाच्या ओळीला ते एवढे हसले की ठसका लागला. मग मी धीर करून विचारलं, खरंच नाही येणार का पुढच्या वर्षी? तर म्हणाले, "मी येत नाही म्हटलं, जात नाही कुठे म्हटलं?" मला कळेना. मग कॅलेंडर मागितलं. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला, चांगले अठरा दिवस उशिरा. त्यांचं म्हणणं असं की नारळी पौर्णिमा झाली की गर्दी नसताना साध्या वारी, दिवसाच्या गाडीने, खिडकीत बसून मी पुढे जातो. गणपती करतो, पितृपक्षात आजोबांचं पान गावीच वाढतो आणि मग सावकाश येतो. तुम्ही या तुमच्या त्या गर्दीत, मी फाट्यावर घ्यायला येईन. म्हणजे एवढे दिवस आम्ही गणपती कुठे न्यायचा ते ठरवत होतो आणि त्यांनी स्वतःलाच हलवायचं ठरवलं होतं.

आता प्रश्न हा की महिना-दीड महिना त्यांच्याबरोबर गावी राहणार कोण. आईला जिना चढवत नाही पण गावी जिना नाही, तर ती तयार आहे. पण रात्री अपरात्री काही झालं तर? सरकारी दवाखाना लांब, रेंज फक्त विहिरीजवळ. थोरल्या दादांना फोन केला, ते म्हणाले मी येतो राहायला, मी म्हटलं होतं ना. खरंच येतील असं वाटतंय. दोन म्हातारे आणि आई, तिघांना मिळून गुडघे किती चालू आहेत ते मोजायला हवेत.

बंद_दार, तुमचं ऐकून रविवारी तिन्ही बहिणींना फोन केले. थोरली म्हणाली, मला १९९४ पासून कोणी काही विचारलेलं नाही, आता एकदम विचारलंस तर मला विचार करायला वेळ दे. धाकटीने मात्र लगेच सांगितलं की पाळीत तिचंही घर धरा, खर्चाला आणि पूजेलाही. पुण्याच्या भावाला हे पटलं. दादांना अजून सांगितलेलं नाही, राहायला येतो म्हणालेत ते आधी पक्कं होऊ दे.

कौल वगैरे कोणी घेतला नाही, कारण न्यायचा विषयच सध्या मागे पडलाय. पुण्याच्या भावाने सोडला नसावा, तो पुढच्या ट्रॅफिकपर्यंत गप्प बसेल.

किल्लीवाले दादा, तुम्ही म्हणालात ते डोक्यात होतं म्हणून आबांना फोन केला, पैशाचं न बोलता, नुसता. तर ते म्हणाले बरं झालं फोन केलास, आपली मोटर जळलीय आणि परसातला पपनस परवाच्या वाऱ्याने पडला, थेट न्हाणीघरावर. मोटरचं मी फॅमिली ग्रुपवर टाकलं. पाळी कोणाची धरायची, यंदाची की पुढच्या वर्षीची, यावर काल सकाळपासून त्रेपन्न मेसेज झालेत आणि मोटर अजून तशीच आहे.

किल्लीवाला | २९ सप्टेंबर, सकाळी ६:३०

किती एचपीची असा?